डुक्कर मोटारीचे छज्जे

आमच्या मोटारीला अख्खं सौंसर 'डुक्कर' म्हणायचं. पाठ गोल, नाक पुढं आलेलं, आणि चढाला लागली की घशातून आवाजही तसाच काढायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, खरं ते खरं. आमच्या ह्यांना मात्र झोंबायचं. एका वर्षी संत्र्याचा बहार बरा निघाला आणि ह्यांनी पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याकडून ती मोटार उचलून आणली. ती नवी होती तेव्हा आमचं लग्नही झालेलं नव्हतं. ह्यांनी ती रोज पुसावी आणि मी रोज बोलावं, असं आमचं चाललेलं. "बायकोच्या पाठीवरून कधी इतक्या मायेनं हात फिरवला होता का?" असं मी एकदा भर अंगणात विचारलं, तर शेजारणी तोंडाला पदर लावून घरात पळाल्या.

पण लेकीला दिवस गेले आणि त्या डुकराशिवाय माझं पान हलेना.

लेक दिलेली पांढुर्ण्याला, कापूस-संत्र्याच्या भरल्या घरात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात आणायचं, कारण आठवा लागला की पोटुशी बाई उंबरा ओलांडत नाही. सातवा येत होता ऐन श्रावणात. शिवाय पोळ्याच्या आत आणणं भाग होतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथली गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, तेव्हा पांढुर्ण्यात गाडी शिरत नाही.

आखाडीला, म्हणजे आषाढी पुनवेला, आम्ही लेकीला आणि तिच्या सासूला, म्हणजे आमच्या इहीणबाईंना, जेवायला आणलं. परत सोडायला निघालो आणि वाटेत धो धो सुरू झालं. काचा लावल्या तर पेट्रोलच्या वासानं लेकीचा जीव घाबरायला लागला, ओकाऱ्या थांबेनात. काचा उघडल्या तर पाण्याचा सपकारा थेट अंगावर. पांढुर्णा येईस्तोवर लेक ओलीचिंब, आणि इहीणबाईंचं नवं लुगडं पिळून घ्यावं असं. त्यांनी दारात उतरल्या उतरल्या सुनावलं.

"या डब्यात माही सून पुन्हा बसत नाही. बाळंतपण आम्ही इथंच करू."

"बसनं नेतो मंग," हे म्हणाले.

"बसचे हिसके बसवता का सातव्या महिन्यात? काही जरूर नाही. पाण्यापावसात मी पोरीले बाहेर काढत नाही, एकदा सांगितलं."

लेकीची आई म्हणजे खालची बाजू. मी जिभेला आवर घातला, आणि माझ्या जिभेला ते किती जड जातं हे सौंसरच्या शाळेतल्या पोरांना विचारा, मी तिथं मास्तरीण होते. निघताना लेकीनं माझा पदर धरला. "आई, मले इथं भेव लागते," एवढंच हळू म्हणाली. सासरी तिला काही कमी नव्हतं. पण पहिलटकरणीला आई हवी असते, त्याला कोण काय करणार? परतीच्या वाटेवर मी रडले, आणि रडून झाल्यावर ह्यांना म्हटलं, "या गाडीत पाणी येणार नाही आणि हवा येईल, असं काय ते करा. नाहीतर तिच्यात कोंबड्या पाळीन."

ह्यांना उपाय माहीत होता. काचेच्या वर, दाराच्या चौकटीला बाहेरून एक पट्टी बसते. काच दोन बोटं खाली केली तरी पाऊस त्या पट्टीवरून निथळून जातो, आत येत नाही. दुकानदार त्याला वायझर म्हणत. आमच्या घरात त्याचं नाव पडलं छज्जे.

हे नागपूरला गेले. सुट्या भागांची सगळी दुकानं पालथी घातली. नव्या गाड्यांचे छज्जे पाहिजे तेवढे, आमच्या गाडीचं नाव काढलं की दुकानदार हसायचे. "काका, ही गाडी अजून चालून राहिली का?" असं एकानं विचारलं म्हणे. हे तिथंच भांडून आले. येताना नव्या मॉडेलचा एक जोड घेऊन आले, बसेल म्हणून. कसला बसतो! आमच्या खिडक्या वरून गोल, ती पट्टी सरळसोट. दाराला लावली तर मध्ये चार बोटं फट.

मग कुणी सांगितलं, लोधीखेड्याला एका म्हाताऱ्याच्या वाडीत अगदी अशीच मोटार उभी आहे. रविवारी आम्ही दोघं गेलो. मोटार होती खरी. चाकं नाहीत, गवत खिडकीपर्यंत, आणि आत बसल्या होत्या कोंबड्या! मला हसावं की रडावं कळेना. पण मागच्या एका दारावर छज्जा शाबूत होता. हे त्याच्याकडे असे पाहत राहिले की मला आमचा बघण्याचा कार्यक्रम आठवला.

"बाबाजी, तेवढी पट्टी द्या जी," मी म्हटलं. "पोटुशी लेक आणायची हाय. भिजते पावसात."

म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "तुमची लेक भिजते, अन् माह्या कोंबड्या नाही भिजत का?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी विनवण्या केल्या, ह्यांनी नवा पत्रा ठोकून देतो म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, देऊ नका, पाहू तर द्या. त्याला त्यानं हरकत घेतली नाही. मी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, छज्ज्यावर धरून पेन्सिलनं त्याचा आकार उतरवून घेतला. वर्गात नकाशे काढून काढून हात बसलेला होता. कोंबड्यांनी मला टोचलं, तो भाग वेगळा.

आता करून कोण देणार? घरी आले, चहा टाकला आणि कोपऱ्यात उन्हाळा संपल्यावर झाकून ठेवलेला कूलर दिसला. त्याच्या तिन्ही बाजूंना तिरप्या पत्र्याच्या पट्ट्या. हवा आत येते, पाणी बाहेर उडत नाही. आमच्या भागात कूलर नाही असं घर शोधावं लागतं, त्या पट्ट्या मी इतकी वर्षं फडक्यानं पुसत आले होते. "अहो!" मी ओरडले, "छज्जे तर घरातच हायेत!"

कूलर बनवणारा टिनवाला आमच्याच गल्लीत होता. पावसाळ्यात त्याला काम नसे, पेट्यांना कड्या लावत बसायचा. मी कागद त्याच्यापुढं पसरला. "या आकाराचे चार कर, अन् पट्टी कूलरसारखी तिरपी ठेव. अगदी कूलरसारखी." त्यानं मान हलवली. दोन दिवसांत चार छज्जे तयार. खडखडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची किनार लावली, वरून कूलरचाच उरलेला आकाशी रंग मारला. पांढऱ्या डुकराला आकाशी भुवया आल्या. मला बाई फार आवडल्या.

परीक्षा अंगणातच घ्यायची ठरवली. हे आत बसले, काच दोन बोटं खाली. मी पदर खोचला, स्टुलावर चढले आणि भरली बादली छतावर ओतली.

पाणी छतावरून आलं, छज्ज्यात शिरलं आणि सगळंच्या सगळं ह्यांच्या कॉलरीत गेलं.

आतून ह्यांचा आवाज आला, "कूलर चालू झाला जी!"

गल्लीतली माणसं पोट धरून हसत होती. मी तणतणत टिनवाल्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्हीच त म्हणाल्या, कूलरसारखं. कूलरच्या पट्टीचं पाणी आतच पडते. नाहीतर टाकी रिकामी होईन ना."

कूलरला पाणी घरात ठेवायचं असतं, मोटारीला घराबाहेर. एवढी साधी गोष्ट ना माझ्या डोक्यात आली ना त्याच्या, जन्म गेला कूलर पाहण्यात. "हाव, मीच म्हटलं," मी म्हटलं. "आता उलटं कर." त्यानं उलटं केलं. वरची कड दाराला घट्ट, खालची बाहेर. या खेपेस मी दोन बादल्या ओतल्या, आणि हे आत बसून कोरडा पेपर वाचत राहिले. मी स्टुलावरच टाळ्या वाजवल्या. मी केलेल्या गोष्टीचं कौतुक करायला मी कधी दुसऱ्याची वाट पाहिली नाही.

पोळ्याला चार दिवस राहिले असताना आम्ही पांढुर्ण्याला गेलो. इहीणबाईंनी मोटारीला एक फेरी मारली, छज्ज्याला बोट लावून पाहिलं.

"मी येतो सोबत," त्या म्हणाल्या. "वाटेत पाण्याचा एक थेंब जरी आत आला, त तिथूनच गाडी वळवायची. कबूल हाय?"

"कबूल," मी म्हटलं.

मागच्या बाकावर मधे लेक, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या. गाव सुटलं आणि आभाळ फाटलं. रस्ता दिसेना. काचा दोन-दोन बोटं खाली होत्या, थंडगार हवा आत येत होती, आणि पाणी छज्ज्यांवरून बाहेरच्या बाहेर गळत होतं. लेक डोळे मिटून लांब श्वास घेत होती, ओकारीचं नाव नाही. मी मात्र काचेच्या फटीवरून नजर काढली नाही. देवाचं नाव घेत होते आणि टिनवाल्याचंही.

मोहगावच्या अलीकडे नाल्यावर पूल आहे. तिथं इहीणबाई एकदम म्हणाल्या, "गाडी थांबवा."

झालं! माझा पारा चढला. "कुठं पडला थेंब? दाखवा मले! कुठं हाय पाणी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काचेतून खाली नाल्याकडे पाहत होत्या. नाला दोन्ही काठ भरून चाललेला.

"तवा पूल नव्हता," त्या म्हणाल्या. "माहाबी सातवाच होता. माहा बाप बैलगाडी घेऊन न्याले आला. इथवर आलो अन् नाल्याले पूर आला. मागं जाता येईना का पुढं. रातभर याच काठावर बसलो, अंगावरचं धडूत वाळलं नाही. मोहगावले माहेरी पोहोचलो त अंगात ताप. पोरगं गेलं माहं."

ह्यांनी इंजिन बंद केलं होतं. छतावर पाऊस वाजत होता. नाकानं कांदे सोलणारी बाई म्हणून मी जिला महिनाभर घरात नावं ठेवली, ती माझ्या लेकीला खेटून बसली होती.

इहीणबाईंनी हात पुढं केला. आधी लेकीचे केस चाचपले, मग खांदा, मग पदर, मग पोटावरचं लुगडं. शेवटी वाकून तिची पावलं दोन्ही हातांत धरून पाहिली. सगळीकडे त्यांचा तळवा सावकाश फिरत होता. लेक त्यांच्याकडे पाहत रडत होती.

"कोरडी हाय," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, माझ्याकडे बघून, "कोरडी हाय जी पोट्टी." आणि ह्यांना, "चला इवाई, सौंसरले."