नख लावल्याशिवाय

अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय आमच्या हिच्या मामांचा जगातल्या कशावरही विश्वास बसत नसे. नरपडला त्यांची चिकूची वाडी, तिथली ही खोड. चिकू दाबत, पाव दाबत, पाहुणे म्हणून गेले की बसण्याआधी गादी दाबत. लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा भर बैठकीत माझा दंड दाबून "कच्चा आहे, पण चालेल" असा निकाल त्यांनी दिला होता. २०१६च्या उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याखालच्या हाडात गाठ निघाली, तेव्हाही डॉक्टरांच्या आधी मामांचाच अंगठा लागला. मी बोंबललो. मामांनी मात्र पहिल्यांदाच निकाल दिला नाही.

तुकडा काढून तपासला, तरी डॉक्टरांचं ठरेना. म्हणाले, "सूक्ष्मदर्शकाखाली दोन आजार सारखेच दिसतायत. एकात गाठ खरवडली की भागतं, दुसऱ्यात पाय जाऊ शकतो. पेशींतली जनुकं तपासल्यावरच कळेल." मला ओ की ठो कळलं नाही. मामा म्हणाले, "वरून सगळे चिकू सारखेच, जावईबापू. नख लावल्याशिवाय आतला हिरवा दिसत नाही."

मेणाच्या वडीत बसवलेला तो एवढाच उरलेला तुकडा मुंबईला न्यायचा होता. आदल्या रात्री मामांकडे मुक्काम होता. उकाड्यात मेण वितळेल या धास्तीने मी शहाण्याने, कुणाला न सांगता, ती वडी मामांच्या गार वखारीत चिकूच्या पेटीतल्या गवतात खुपसली. सकाळी पेटी गायब! मामांनी ती वेवजीला थोरल्या बहिणीकडे धाडली होती. मी कबुली दिली. मामांनी माझं कपाळ दाबलं. "गुडघ्याआधी हे तपासायला हवं होतं," म्हणाले आणि स्कूटर काढली.

वेवजीला मावशी ओटीवर गोधडी पसरून बसलेल्या.

"मेण होय? दोऱ्याला लावायला घेतलंय की!"

"लावलंस?" मामा ओरडले.

"लावते कशाची! सुईत दोरा ओवणारी सून गेलीय माहेरी."

मुंबईहून निकाल यायला तीन आठवडे लागले. रोज मामांचा फोन. "आला?" "नाही." की ठेवला. शेवटी आला : खरवडून भागणारा. लंगडत नरपड गाठलं, तर वखारीत आंबूस वास. पेट्यांतले चिकू गवतातच पिकून फुटले होते. मामी हळूच म्हणाल्या, "तुकडा गेल्यापासून एका चिकूला हात लावला नाही यांनी."

मी कागद पुढे केला. मामांनी तो वाचला नाही. अंगठ्याने नुसता दाबून पाहिला, बराच वेळ.