ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं

मंगळवारी सकाळी मारेगावच्या अलीकडे जीव वाचला. समोर कापसाने भरलेला ट्रॅक्टर चालला होता, तो रस्त्याच्या मधोमध एकदम थांबला. मी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग हातात असं थरथरलं की घाबरून ब्रेकवरचा पाय क्षणभर उचललाच... परत दाबला. गाडी ट्रॉलीच्या मागे हातभर अंतरावर थांबली.

शेजारी आमच्या शाळेतल्या वंदना मॅडम होत्या. त्यांनी पाण्याची बाटली काढली आणि आधी मला दिली.

मी राहते पांढरकवड्याला, वणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. रोजचं जाणं-येणं गाडीनेच. ही थरथर दिवाळीनंतर सुरू झाली... आधी अगदी बारीक, मग वाढतच गेली.

मी गप्प बसले होते असंही नाही. टायरच्या दुकानात दोनदा चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, एकदा अलाइनमेंट. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. नवरा म्हणायचा, तू ब्रेक जोरात मारतेस. शाळेतले सर म्हणायचे, कोळशाच्या ट्रकांनी रस्ताच उखडलाय. सगळ्यांचं ऐकून मलाही वाटायला लागलं की चाळिशीनंतर गाडी शिकलेल्या बाईचा हात असाच असणार.

त्या दिवशी मात्र शाळेतून परतताना गाडी घरी नेलीच नाही. हळूहळू चालवत थेट हायवेजवळच्या गॅरेजात नेली. तिथले मेकॅनिक सुधाकरभाऊ पन्नाशीचे. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी प्रश्नच विचारले.

"ब्रेक मारला तरच हालते, का असंही हालते?"

फक्त ब्रेक मारल्यावर.

"स्टेरिंग हालते का सीट?"

स्टेअरिंग. दोनदा बॅलन्सिंग करून झालंय, हेही मी सांगितलं.

"मंग बॅलन्सिंग काहून करून राह्यल्या मॅडम? तो फॉल्ट असता तर ब्रेक न मारताही हालली असती."

मला लाज वाटली. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे मी सातवीच्या मुलांना शिकवते...

मग ते शेजारी बसले आणि आम्ही मोकळ्या रस्त्यावर गेलो. ब्रेक दाबला, थरथर. दुसऱ्यांदा त्यांनी ब्रेकला पाय लावू दिला नाही, स्वतः हँडब्रेक हळूहळू ओढला. हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. गाडी मंदावली, स्टेअरिंग शांत.

"मागं काही नाही. पुढच्या डिस्क पाहा लागते."

डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी चकती. ब्रेक दाबला की तीच चिमटीत धरली जाते. त्यांनी चाक काढलं, चकतीला घड्याळासारखं एक मीटर टेकवलं आणि चकती हाताने फिरवली. प्रत्येक फेरीला काटा एकाच जागी उडी मारत होता. दुसऱ्या बाजूलाही तेच. डोळ्यांना सरळ दिसणारी चकती वाकडी झाली होती.

"लांबून आल्या आल्या गाडी धुता काय? तापल्या डिस्कवर थंड पाणी पडलं तर असंच होते."

"नाही हो, मी कुठे धुते..." म्हणाले आणि तिथेच थांबले.

गाडी मामाजी धुतात. मामाजी म्हणजे माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. सासूबाई गेल्या, शेती दीर बघतात, म्हणून दिवाळीला आम्ही त्यांना गावाहून इकडे आणलं. दिवसभर घरात करमत नाही. माझी गाडी फाटकात शिरली की ते पाण्याची नळी घेऊन उभे... आणि पहिलं पाणी चाकांवर. एक दिवस चुकला नाही.

बुधवारी नवीन डिस्क, नवीन ब्रेक पॅड बसले. ब्रेक दाबून बघितला, स्टेअरिंग गप्प. आता मामाजींना सांगायचं कसं, एवढंच उरलं होतं. नवरा म्हणाला, पाणी कमी येतंय म्हणून सांग. पण मला खोटं बोलवेना. संध्याकाळी ते नळी घेऊन आले तेव्हा सगळं सरळ सांगितलं.

ते चाकाकडे बघत राहिले. "म्हंजे म्याच बिघडवली?"

"तुम्हाला माहीत नव्हतं मामाजी. मलाही नव्हतं."

"तुले काही झालं असतं तर?"

ट्रॅक्टरचं मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी नळ बंद केला, नळी गुंडाळली आणि आत गेले. रात्रभर वाटत राहिलं, खोटंच बोलायला हवं होतं...

गुरुवारी मी शाळेतून आले तर फाटकाजवळ दोन खुर्च्या. एकीवर मामाजी.

"गाडी थंडी व्हाले किती टाइम लागते?"

"अर्धा-पाऊण तास."

"मंग बस."

चहा तिथेच मागवला. त्यांनी विचारलं, डिस्क वाकडी होते कशी. मी शिक्षिकेसारखी सुरू झाले, तापलेलं लोखंड फुगतं, एकाच बाजूने गार झालं की... त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"हे तर मले ठाव आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात ना, थे लाल करूनच चढवतात. मंग पाणी मारतात. आकसते अन् लाकडाले गच्च धरते. म्या लहानपणी लोहाराजवळ बसून पाह्यलं." जरा थांबून म्हणाले, "मोटारीच्या चाकात लोखंड तापते, एवढंच ठाव नव्हतं."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. जेवलात का, गोळी घेतली का, यापलीकडे आम्ही दोघं कधी बोललोच नव्हतो. त्या दिवशी चहा गार झाला तरी ते सांगत होते. शुक्रवारी सातवीच्या वर्गात मी ती धाव शिकवली, आणि कुणाकडून शिकले तेही सांगितलं.

त्या गुरुवारी पाऊण तासाने मामाजींनी चाकाजवळ हात नेऊन बघितला आणि मग नळ सोडला.

दिवाळीपासून ते रोज संध्याकाळी माझी वाट बघत होते... हे मला गाडी बिघडली तेव्हा कळलं.