कस्तुराबाईचा थांबा

मला उशीर खपत नाही. पुंडलिकनगरातून निघायचं, गारखेड्याला सकाळची बिडकीनची बस धरायची, खिडकीशी बसायचं आणि पहिल्या तासाला वर्गात हजर व्हायचं, हा माझा नेम. बिडकीनच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. त्यामुळे एका सकाळी भर रस्त्यात बस थांबली आणि पुढे नुसती मेंढरंच मेंढरं दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मेंढरांमागे एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, दोन्ही खांद्यांवर आडवी काठी, आणि घाई कशाशी खातात हेही ठाऊक नसल्यासारखा चेहरा. ड्रायव्हर इंद्रजीत हॉर्न वाजवून थकला. तेवढ्यात दार उघडून कॉलेजच्या काही मुली भराभर आत चढल्या. त्यांतली एक माझ्याच वर्गातली ज्ञानेश्वरी.

"मॅडम, ती माझी आजी," ती म्हणाली. लाजायचं सोडून चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग ज्ञानेश्वरीला बोलावून घेतलं, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून. पण तिने जे सांगितलं त्यानंतर माझ्या रागाने पत्ताच बदलला.

कस्तुराबाईचा जन्म मेंढरांमागे हिंडणाऱ्या पालावरचा. लग्नानंतरही दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून गोदाकाठाला उतरायचं, उन्हाळा सरला की परत यायचं. तिच्या नवऱ्याचं नावच कारभारी. त्याने या माळावर पहिलं घर बांधलं, मागून भाऊबंद आले आणि लोक म्हणू लागले, कारभारीची वस्ती. कारभारी गेला, नाव राहिलं. ते फक्त कस्तुराबाईच्या तोंडी कधी आलं नाही. मालकाचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिला सासूने सांगितलेलं. मालक गेल्यावरही तिने ते पाळलं. ती आपली म्हणायची, "आमची वस्ती."

वस्तीसमोरच्या लिंबाखाली पूर्वी बस थांबायची. रस्ता रुंद झाला, त्यात लिंब गेला आणि लिंबाबरोबर थांबाही गेला. पुढचा थांबा लांब, आणि तिथपर्यंतच्या रस्त्यावर ट्रक नुसते सुसाट. ज्ञानेश्वरीचा बाप अंगद कंपनीत कंत्राटी कामाला. त्याने सांगून टाकलं, "ह्या ट्रकांतून पोरगी चालत जानार नाय. गाडी थांबत नसंल तर कालिज बंद. पैठणचं स्थळ आलंय, दिवाळीनंतर उरकून टाकू."

"तिच्या वयात मह्या काखंला लेकरू व्हतं," कस्तुराबाई म्हणाली. "तिच्या काखंला वहीच ऱ्हाईल." आणि नातीला घेऊन थेट बस आगारात गेली.

साहेबांनी विचारलं, "थांब्याचं नाव काय?"

कस्तुराबाईने नातीकडे बघितलं. मग पदर पुढे ओढून म्हणाली, "आमच्या मालकाचं जे नाव, तेच."

शेवटी नाव नातीनेच सांगितलं. पुढचा प्रश्न आला, "तिथून प्रवासी किती चढतात?"

"गाडीच थांबत नाय, तर चढतील कसे?"

"प्रवासी दिसल्याशिवाय थांबा मंजूर होत नाही, आजी. आधी प्रवासी दाखवा."

"आमच्या अहिल्यामायच्या नावाचा फुकट पास दिलाय पोरींला सरकारनं. पास हाये अन् गाडी नाय, मंग पास काय देव्हाऱ्यात ठिवायचा?"

साहेब वाईट नव्हते. चहा पाजून, दरखास्त ठेवून घेऊन त्यांनी वाटेला लावलं. सार्वजनिक धोरण कुठे अडतं हे मी मुलांना तासभर शिकवते. इथे ते दोन ओळींत होतं: थांबा नाही म्हणून प्रवासी नाहीत, प्रवासी नाहीत म्हणून थांबा नाही.

दरखास्तीचं पुढे काही झालं नाही. मग कस्तुराबाईने मेंढरं काढली. स्पीड ब्रेकरपाशी, जिथे गाडी अशीही हळू होते, तिथे ती रोज बसच्या वेळेला रस्ता ओलांडायची.

मी इंद्रजीतला छेडलं, तर तो गालात हसला. "मॅडम, थांबा नसताना गाडी उभी केली तर जाब मला. जनावरं आडवी आली तर जाब कुणाला विचारणार?" त्यानंतर माझ्या लक्षात आलं की मेंढरं दिसायच्या आधीच तो गिअर बदलतो.

पण दिवाळी तोंडावर आली. माळावरचा चारा संपत आलेला. भाऊबंदांचे कळप निघायच्या तयारीत होते, त्यांच्याबरोबर हीही मेंढरं जाणार. मेंढरं गेली की गाडी थांबणार नाही, आणि गाडी थांबली नाही की पैठणचं स्थळ दारात. ज्ञानेश्वरीचं वर्गात लक्ष लागेना. मी तिला समजावत होते, पण खरं सांगायचं तर माझाच धीर सुटला होता.

अशात एके सकाळी गारखेड्याला आगाराचे तेच साहेब बसमध्ये चढले. इंद्रजीतचा चेहरा उतरला. मेंढरं ठरल्याप्रमाणे आडवी आली. साहेब तावातावाने खाली उतरले. मागोमाग मीही उतरले, कारण भांडण लागलं की मला बसवत नाही.

"आजी, हा काय प्रकार चालवलाय? तुमच्याविरुद्ध तक्रार आहे! एक म्हातारी मेंढरं घालून सरकारी गाडी अडवते, तिचा बंदोबस्त करा म्हणून रोज फोन येतोय."

"व्हय," कस्तुराबाई म्हणाली. "त्यो फोन म्याच करती."

"तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"गाडीत लिवलंय न्हवं, तक्रार असंल तर फोन करा म्हनून? नात नंबर लावून देती, बोलती मी. काल तिकडून सांगितलं, उद्या सायेब येतील म्हनून. दरखास्त दिली, तवा कुनी फिरकलं नाय. तक्रार केली तर सायेब सोता हजर!"

मग तिने जिभेने टाळूला एक आवाज दिला. मेंढरं दुभंगून रस्त्याकडेला झाली आणि त्यांच्यामागे खाली बसलेले लोक उठून उभे राहिले. आसपासच्या साऱ्या वस्त्यांवरच्या गणवेशातल्या मुली, दुधाची कॅन घेतलेल्या बाया, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं. कडेला अंगदही होता. आईला पोलीस नेतात की काय, या धास्तीने तो कामावर खाडा करून आला होता.

"तुमी म्हनला व्हता, परवासी दाखव," कस्तुराबाई म्हणाली. "घ्या. बघा."

साहेबांनी बघितलं. टोपी काढून डोकं खाजवलं आणि एकदम खो खो हसत सुटले. "इंद्रजीत, दार उघड! सगळ्यांना घे." बसमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेब बिडकीनपर्यंत उभ्याने आले.

थांबा मंजूर झाला. अंगदने पैठणला निरोप धाडला की पोरगी शिकतीय, आता लग्नाचं नाव नको. मेंढरं गोदाकाठाला गेली. दुसऱ्या सकाळी रस्ता रिकामा होता, तरी बस थांबली, आणि मी भर गाडीत टाळ्या वाजवल्या. लोकांनी वेड्यात काढलं असेल तर काढो.

पुढे एका बाजाराच्या दिवशी कस्तुराबाई बिडकीनहून परतताना आमच्याच बसमध्ये चढली. कंडक्टर बाई जवळ आल्या. "आजी, कुठलं तिकीट?"

म्हातारीचा हात पदराकडे गेला. शेजारी बसलेल्या ज्ञानेश्वरीने आजीच्या वतीने सांगायला तोंड उघडलं, पण कस्तुराबाईने तिच्या दंडावर हात ठेवून तिला थांबवलं. थांब्याच्या पाटीवर ते नाव आता मोठ्या अक्षरांत होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण नातीने वाचून दाखवलं होतं.

"कारभारीची वस्ती!" ती म्हणाली. इतक्या खणखणीत आवाजात, की पुढे इंद्रजीतने आरशात बघितलं.

कंडक्टर बाईंनी तिकीट फाडून हातात दिलं. त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. तरी कस्तुराबाईने पुन्हा एकदा सांगितलं, "कारभारीची वस्ती."