गुढीवरची मिलिटरी गाठी

आता काय सांगू तुम्हाला! आधी हसायचं नाही असं कबूल करा, मगच तोंड उघडतो. पाच वर्षं मी लढाईत काढली, तोफा ऐकल्या, इटलीच्या डोंगरात कुडकुडत झोपलो. कुठं काही झालं नाही. खरी फजिती झाली ती आमच्याच अंगणात, पाडव्याच्या सकाळी, भरल्या माणसांत!

शेहेचाळीस साल. मी नुकताच पलटणीतून सुटून घरी आलो होतो. यमाईच्या औंधापासून दोन कोसांवर आमचं गाव. गेलो तेव्हा बायको पोटुशी होती. आलो तर अंगणात साडेचार वर्षांची पोरगी कंबरेवर हात ठेवून उभी! हौसा. माझी लेक. मला नखशिखांत न्याहाळलं आणि आत ओरडली, "आजे, पावणं आल्यात!"

बरं, पहिल्या दिवशी पाहुणा म्हणाली, समजू शकतो. पण महिना झाला तरी मी पाहुणाच! "पावणं, जेवाय चला." "पावणं, तुमी तुमच्या गावाला कवा जानार?" आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा बघू! बायको पदर तोंडाला लावून हसायची. मी पण हसायचो, पण आत फार लागायचं हो. पलटणीत जवान माझा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत, आणि ही वीतभर पोरगी मला एकदा आबा म्हणेल तर शपथ.

अशात पाडवा आला. हौसाला गळ्यात घालायला साखरेची गाठी हवी होती. आजीनं तिला गाठीचं वर्णन करून करून वेड लावलं होतं. तुम्ही म्हणाल, गाठीच ना, त्यात काय मोठंसं? अहो, तेव्हा साखर रेशनवर! गाठीवाले हातावर हात ठेवून बसलेले. साताऱ्याची सगळी पेठ पालथी घातली, पण गाठीचा एक मणी दिसला नाही. एका म्हाताऱ्या गाठीवाल्याला माझी दया आली. त्यानं आपला लाकडी साचा माझ्या हातात दिला.

"न्या हवालदार. साखर न्हाई, निदान साचा तरी बघा. औंदा त्यो बी उपाशीच हाय."

घरी आलो. हौसा दारातच. "गाठी आनली, पावणं?"

"न्हाई बाळ."

तिनं तोंड फिरवलं आणि गेली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. माझ्या ट्रंकेत कँटीनमधल्या चॉकलेटच्या पाच जाड वड्या होत्या आणि कोकोचा एक डबा. घरचा गूळ होताच. म्हटलं, साखरेची नाही तर नाही, चॉकलेटची गाठी करू! भट्टी नको, पाक नको, तार बघायला नको. आई आणि बायको नदीवर धुणं घेऊन गेल्या तसा मी चुलीपुढं बसलो. कढत पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवलं, त्यात वड्या विरघळवल्या, किसलेला गूळ टाकला, कोको टाकला. जरा घट्ट वाटलं म्हणून आईनं पुरणपोळीसाठी राखून ठेवलेलं तूपही ओतलं. थोडंसंच. म्हणजे, सगळंच.

साच्यात दोरा ठेवून वरून ते ओतलं आणि साचा बादलीत घालून विहिरीत पाण्याच्या वर टांगून ठेवला. सकाळी काढला तर काय! गाठी कडक! मणी कसे टपोरे! मीच माझ्या पाठीवर थाप मारून घेतली.

हौसा मागं येऊन उभी होती. "आवं पावणं, ही तर काळी हाय!"

वर्षाचा पहिला सण, आणि गुढीला काळी गाठी? आईनं त्या गाठीला आणि मला, दोघांनाही उकिरड्यावर फेकलं असतं. मग आठवड्याच्या रेशनची सगळी साखर पाट्यावर वाटली आणि गाठी तिच्यात घोळली. पांढरीशुभ्र! हौसाला म्हटलं, "आजीला सांगायचं न्हाई हं. ही आदी गुढीला, मग तुझ्या गळ्यात. आन घे."

"आन!" ती म्हणाली. मला वाटलं, जमलं. आता हाक येणार.

गुढी उभी राहिली. वेळूच्या काठीला आईचा लग्नातला हिरवा शालू. हा शालू वर्षातून एकदाच ट्रंकेबाहेर यायचा, तो पाडव्याला. त्यावर कडुनिंब, आंब्याचा डहाळा, माझी गाठी आणि सगळ्यांच्या वर पालथा तांब्या. गाठी बघून आईचे डोळे भरून आले.

"शिरपा, सगळ्या गावात गाठी न्हाई. तुला कुठं गावली रं?"

इथं माझा पाय घसरला बघा. खरं बोलायचं सोडून मी छाती फुगवून म्हणालो, "मिलिटरीत वळख लागती, आये!"

मग जोशीकाका आले. दर पाडव्याला ते आमच्या अंगणात पंचांग वाचायचे. गुढीच्या सावलीला पाट मांडला, समोर आळीतली सगळी माणसं बसली. ऊन वर चढत होतं. आणि मी शहाणा, थंड मुलखात राहून राहून चैत्रातलं आपलं ऊनच विसरलो होतो! त्यात वर पितळी तांब्या. तो तापून तवा झालेला, आणि गाठी बांधलेली बरोब्बर त्याच्या गळ्याशी.

जोशीकाका वाचत होते, "यंदा पर्जन्यमान मध्यम..."

टप्प! पंचांगावर तपकिरी थेंब.

"कावळा दिसतोय," म्हणून त्यांनी पान पुसलं. "पर्जन्यमान मध्यम असून..."

टप्प! या खेपेला थेट टकलावर. सगळ्यांनी वर बघितलं. कावळा नाही, चिमणी नाही. पांढऱ्याशुभ्र गाठीतून तपकिरी धारा निघालेल्या आणि आईच्या हिरव्या शालूवरून सरळ खाली चाललेल्या.

शेजारचे मारुतीतात्या ओरडले, "आवं, गुढी रडाय लागली!"

झालं! बायका उठल्या, पोरं मागं सरली. जोशीकाकांनी पंचांग मिटलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "असं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही." आईनं तर कपाळावर हात मारला.

"यमाई कोपली गं बाई! लेक लढाईतनं सुखरूप आला की अनवानी तुझ्या पायाशी घिऊन यीन म्हनलं व्हतं. म्हैना झाला, इसरले मी! चुकले गं आये!"

आता तरी मी सांगायला नको होतं का? होतं ना! पण तूप गेलेलं, साखर गेलेली, शालू गेलेला आणि समोर सगळं गाव. तोंड उघडेना. उलट मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "आये, रडू नगंस. मी आत्ता निगतो औंधाला!" आणि सरळ बूट काढायला बसलो. बायका माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. किती गुणाचा लेक म्हणे!

आई हात जोडून गुढीपुढं उभी राहिली. "आगं माझे आये, आजून कुनाच्या हातनं काय चुकलं आसंल तर दाव गं!"

आणि गुढीच्या मागून हौसा बाहेर आली. शालूचं टोक मुठीत, तोंड या कानापासून त्या कानापर्यंत तपकिरी. जीभ ओठांवरून फिरवत ती म्हणाली,

"आजे, यमाईनं न्हाई केलं."

"मग गं कुनी केलं?"

तिनं बोट सरळ माझ्याकडं केलं.

"आबानं!"

पाच वर्षांत पहिल्यांदा! एका हातात बूट घेऊन मी तसाच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. आईला वाटलं, पश्चात्तापाचं. जोशीकाकांनी टकलावर बोट फिरवून वास घेतला आणि विचारलं, "हवालदार, यात अंडं वगैरे नाही ना?" त्यावर जे हसू फुटलं ते आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

आई मात्र हसली नाही. आणि गुढी सूर्य मावळेपर्यंत उतरवायची नसते! त्यामुळं शालू दिवसभर तसाच, ठिबकत. गावच्या गाव बघायला लोटलं.

"तू औंधाला चाललाच हायस न्हवं?" आई म्हणाली. "मग नीघ. अनवानीच जा. नवस खराच हाय माजा."

निघालो. पायाखाली फुफाटा, खांद्यावर हौसा. ती हट्टानं आली होती. वाटेत जो भेटेल त्याला ती वरून ओरडून सांगायची, "आमच्या आबानं आजीचा शालू घान केला! तूप बी आबानंच सांडलं! साकर बी आबानंच संपवली!"

दोन कोसांच्या त्या वाटेवर माझी सगळी अब्रू गेली बघा. पाय भाजत होते, माणसं हसत होती. आणि मी, पलटणीतला हवालदार, लांबून कुणी येताना दिसला की मुद्दाम थांबून त्याची वाट बघत होतो.