बागेतली चुन्याची खूण

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि वाचताना पेन्सिलीने कडेला लिहितो — "वेळ किती? अंतर किती? दुसरं कोणी होतं का?" बहुतेक अनुभवांत याची उत्तरं नसतात. अंगात येणं, उतारा, नजर यांतल्या कशावरही मी कधी मान डोलावली नाही. सासुरवाडीत याबद्दल माझी थट्टाही होते. त्यामुळे माझ्याच बाबतीत घडलेली गोष्ट लिहायला मला पाच वर्षं लागली. वेळ, अंतर आणि माणसं यांच्यासकट लिहितो. निष्कर्ष वाचकांनी काढावा. मला निघालेला नाही.

१९८०-८१चा हिवाळा. आम्ही वसईत, होळी नावाच्या भागात एका बागायतदाराच्या वाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. जमीनमोजणीच्या कागदांवरचे आकडे तपासायचे, ही माझी नोकरी. बदलीने इकडे आलो आणि इकडचाच जावई झालो. बायकोचं, सुमनचं, माहेर चंदनसारचं, भातशेतीवालं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी तिचा 'न' सुधारण्यात घालवली. पानी नव्हे पाणी, कोन नव्हे कोण. ती सुधारली. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता.

ऑगस्टमध्ये सुमनच्या छातीत पाणी झालं. पाणी काढलं, इंजेक्शनं झाली, आणि नोव्हेंबरअखेर डॉक्टर म्हणाले, दुखणं गेलं. पण दुखणं गेलं तरी सुमन उठेना. भिंतीकडे तोंड करून पडायची. ताट पुढे ठेवलं तर चार घास. बोलणं म्हणजे "हो", "नको", "ठेवा तिथे". मुलगी महिनाभर राहून नाशिकला सासरी परत गेली होती. मी पहाटे साडेचारला उठायचो. भात-आमटी, धुणं, तिच्या गोळ्या, मग ऑफिस, आणि संध्याकाळी परत स्टोव्ह. रात्री पाठ टेकली की पंख्याचं बटण बंद करायला उठणंही जिवावर यायचं.

डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "माझ्याकडचं औषध संपलं. आता त्यांना चालवा. रोज थोडं थोडं वाढवा. नाही चालल्या तर अंथरूण धरतील, आणि धरलेलं अंथरूण सहसा सुटत नाही."

म्हणून बाग. नगरपालिकेची, लहानशीच. मधे हिरवळ, तिच्याभोवती लाल मुरुमाची वाट, कडेने शेवंती, झेंडू, ॲस्टरचे वाफे. घरापासून तिथपर्यंत सुमन चालू शकत नव्हती. तिला शाल गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बसवायचो आणि सायकल ढकलत न्यायचो. सकाळचे साडेसहा. वाड्यांवर धुकं, केळीच्या पानांवरून टपटप दव, चर्चची घंटा. समोरून टोपल्या घेतलेल्या फुलवाल्या बायका यायच्या आणि आमच्याकडे पाहून एकमेकींत काहीतरी बोलायच्या.

पहिले चार दिवस ती शंभर-सव्वाशे पावलं चालली आणि बाकावर बसली. "पुरे," एवढंच म्हणायची. मी मोजत होतो, वहीत मांडत होतो — १०४, ११८, ११०, ९६. चौथ्या दिवसाचा आकडा लिहिताना मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं.

पाचव्या दिवशी लक्षूमामा फाटकातच उभा होता. हा बागेचा माळी. साठीचा, भातशेतीच्या गावचा. रोज संध्याकाळी सातला खराट्याने सगळी वाट झाडून फाटकाला कुलूप घालायचा आणि सकाळी सहाला उघडायचा. किल्ली एकच, त्याच्या कमरेला.

"दादा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "कोनीतरी खून केली हाय."

सायकल स्टँडला लावता लावता माझे हात थांबले. "कुठे?"

"आत. हातपंपाशी."

"कधी?"

"राती. काल झाडून गेलो तवा नव्हती."

"पोलिसांना कळवलंत का?"

"पोलिसांना?" लक्षूमामा माझ्याकडे बघतच राहिला. "इतकीशी खून, दादा. पोलीस येऊन काय करतीन तिचं? उपटून नेतीन?"

मागे कसलातरी आवाज आला. सुमन रडते आहे, असं वाटून मी वळलो. ती सायकलची सीट दोन्ही हातांनी धरून हसत होती. खोकला येत होता तरी हसत होती. "अहो, खून नाही... खूण! खूण केलीय कोणीतरी!"

'खून केला' म्हणतात, 'केली' नव्हे. एवढं व्याकरण माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"काय झालं ताई?" लक्षूमामा गोंधळला.

"काय नाय मामा. आमचे हे घाटावरचे."

"असं असं," तो म्हणाला. त्याचं पूर्ण समाधान झालं.

चार महिन्यांत सुमन पहिल्यांदा हसली होती. आणि ते 'नाय'ही मी तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकलं.

हातपंपाजवळ वाटेच्या कडेला वीतभर बांबूची खुंटी ठोकलेली होती. तिचं टोक चुन्यात बुडवलेलं होतं आणि चुना ओला होता. लक्षूमामाच्या वाफ्यांच्या खुंट्या गेरूच्या असत. चुन्याची त्याच्याकडे एकही नव्हती.

"मला वाटलं तुमीच केली, दादा. ताईंसाठी. हितपर्यंत चालायचं, म्हनून."

"छे. मी कशी करणार? फाटकाला कुलूप तुमचं."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मग शाल सावरून म्हणाली, "चला, तिथपर्यंत जाऊ." गेली. मी मोजली — १४३ पावलं. बाकावर बसल्यावरही "पुरे" म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी खुंटी पुढे सरकलेली. १७१. मग २००, २२९, २५७, २८६. रोज वाढ होती, पण कधी अठ्ठावीस, कधी एकोणतीस. मला हे खटकायचं. एखादा माणूस मजा म्हणून खुंटी सरकवत असेल, तर तीस धरील, पंचवीस धरील. अठ्ठावीस-एकोणतीस कशासाठी?

एकदा मी सुमनला म्हटलं, आज मागाहून नेतो तुला, आणि सहालाच फाटकाशी जाऊन थांबलो. लक्षूमामाने माझ्यासमोर कुलूप काढलं. वाटेवर आदल्या संध्याकाळचे खराट्याचे फराटे होते, एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. आणि खुंटी नव्या जागी, ओल्या चुन्याची. मी ती हाताने दाबून पाहिली, हलेना. तो मुरूम इतका कडक होता की दगडाने ठोकल्याशिवाय तिथे काही रोवलं जाणं शक्य नव्हतं. लक्षूमामाने कानाला हात लावले आणि वाफ्याकडे निघून गेला.

एका दिवशी सुमनला कणकण होती. त्या दिवशी मी एकटाच जाऊन पाहून आलो. खुंटी कालच्याच जागी होती आणि चुना सुकलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो, तर ती पुढे गेलेली.

मला त्याचा अर्थ लागत नव्हता, पण सुमन चालत होती, हे नक्की. आठव्या खुणेला तिने स्वतःहून वेणी घातली. दहाव्या खुणेच्या संध्याकाळी आमटीत मीठ नाही म्हणून माझ्याशी भांडली, आणि उठून स्वतः मीठ घातलं. सोळाव्या खुणेला, म्हणजे फाटकापासून फाटकापर्यंत पूर्ण फेरीला, पावलं झाली ५७१. परतताना कॅरियरवर बसून ती म्हणाली, "दोन वांगी घ्या वाटेत. भरीत करते." मी हो म्हटलं. माझा डावा हात दुखत होता, सायकलच्या ओढीने.

नाताळ चार दिवसांवर आला होता. वाड्यांतून कागदी चांदण्या लागल्या होत्या. त्या सकाळी आम्ही आत शिरलो आणि सुमन थबकली. खुंटी समोरच होती. फाटकापासून एकोणतीस पावलांवर.

"आज एवढंच," ती म्हणाली.

"एवढंच कसं? काल फेरी पुरी झाली. ही दुसऱ्या फेरीची आहे. पाचशे एकाहत्तर आणि एकोणतीस, बरोबर सहाशे!"

"कशावरून?"

"हिशोबावरून."

"रोज खुंटी आली की थांबलो. आजही थांबायचं."

"अगं, डॉक्टरांनी वाढवायला सांगितलंय, कमी करायला नाही. आत्ता थांबलीस तर पुन्हा पहिल्यापासून..."

"मग तुम्ही जा तुमच्या हिशोबाबरोबर. मी बसते इथे." आणि ती खरंच बसली, खुंटीशेजारच्या कठड्यावर.

मला राग आला. खरं तर तो नुसता राग नव्हता. इतक्या दिवसांचं साडेचारला उठणं, स्टोव्ह, सायकल, सगळं एकदम अंगावर आलं. म्हटलं, चालून दाखवतो. आणि निघालो, माझ्या लांब टांगांनी, मोजत. शंभराला दम लागला. दोनशेच्या पुढे हात कोपरापासून जड झाला. मी मोजत राहिलो. दोनशे एक्क्याण्णव. त्यापुढचा आकडा मला आठवत नाही.

पुढचं लक्षूमामाने सांगितलं ते असं. मी कोसळलो तेव्हा तो नळी लावत होता. त्याने ओरडायच्या आत सुमन उठली होती. वाटेने न येता ती सरळ हिरवळीतून आणि शेवंतीच्या दोन वाफ्यांतून धावत आली. "मामा, पानी आना! पानी!" माझं डोकं मांडीवर घेऊन तिने सदऱ्याची बटणं सोडली. मग लक्षूमामाला माझ्यापाशी बसवून पुन्हा धावली. फाटकाबाहेर, रस्त्यावर. टांगेवाल्याच्या घोड्यापुढे आडवी झाली. तो शिव्या देत होता, तर म्हणाली, "नंतर दे, आधी माणूस उचल." हे सांगताना लक्षूमामा हसायचा. "शेवंती पार गेली, दादा. पन ताई धावल्या कशा!"

हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता. छाती तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस हात दुखत होता?" मी तारखेसह सांगितलं. त्यांनी मान वळवून सुमनकडे पाहिलं.

माझ्या वहीत त्या दिवसाचं पान आहे. सुमन किती पावलं धावली, ते त्यावर नाही. मोजायला मी शुद्धीवर नव्हतो.

फेब्रुवारीत मला चालायची परवानगी मिळाली. आता सुमन मला घेऊन जायची, तीही रिक्षाने. खुंटी कुठेच नव्हती. लक्षूमामा म्हणाला, त्या सकाळी मला टांग्यात घालून तो परत आत आला तेव्हाच ती नव्हती, आणि तिथे भोकही नव्हतं. मी हळूहळू चालत हातपंपापर्यंत गेलो. सवयीने मोजत होतो. शंभर. बरोबर शंभर. पुढच्या खुणेची जागा मला पक्की आठवत होती. एकशेवीस. त्यापुढची एकशेचाळीस. सुमनची पावलं लहान. दहा तिची तेव्हा सात माझी. अठ्ठावीस-एकोणतीस म्हणून मला जे खटकत होतं, ते माझ्या पावलांत दर वेळी अचूक वीस होतं. इतके दिवस मी मोजत होतो ती पावलं सुमनची, आणि अंतरं पडत होती माझ्या मापाने.

मग शेवटची खूण म्हणजे काय? पूर्ण फेरी अधिक वीस पावलं, म्हणजे चारशेवीस? क्रमाने तेच येतं. माझा हिशोब आजही चुकलेला दिसत नाही. की नुसती वीस? — आज तू इतकंच चाल, असं? सुमनने ती जशी वाचली तशी मी वाचली असती, तर कठड्यावर तिच्या शेजारी बसलो असतो. पण खुंटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

आता सुमनचं. तिला यात अमानवीय वगैरे काहीच वाटत नाही. तिच्या मते खुंट्या मी ठोकत होतो.

"मामा तुम्हाला किल्ली देत असणार," ती म्हणते.

"मी इतका थकलेलो असायचो..."

"म्हणून तर. उगाच नाही झटका आला. मला ताप होता, त्या दिवशी पहाटे एकटेच कशाला गेला होतात बागेत?"

"खुंटी बघायला."

"हो, बघायलाच!"

आणि माझी पावलं, वीस-वीसचा हिशोब? तो तर तिला सगळ्यात पक्का पुरावा वाटतो. "दुसऱ्या कोणाला सुचतं का असलं?"

एकदा ती अगदी साधेपणाने बोलून गेली — मला तेव्हा जगायचं नव्हतं. पण म्हटलं, हा माणूस काळोखात उठून माझ्यासाठी खुंट्या ठोकतोय, तर निदान तिथपर्यंत जावं.

मी तिला तीनदा सांगितलं की ते मी नव्हतो. चौथ्यांदा सांगितलं नाही. आयुष्यात एखाद्या चुकीच्या आकड्याखाली मी सही केली असेल, तर ती एवढीच.

हा मजकूर पाठवण्याआधी तिला वाचायला दिला. चष्मा लावून तिने सगळा वाचला आणि परत दिला. "सगळं बरोबर लिहिलंय. शेवटी तेवढं खरं लिहा ना. आता कोण हसणार आहे तुम्हाला?"

खरंच लिहितो आहे. ती खूण मी केली नव्हती. तसं काही करावं, हे मला सुचलंही नव्हतं. कोणी केली, मला अजून माहीत नाही.