पाठ असलेला नंबर

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. आधी म्हणे ते घड्याळं दुरुस्त करायचे. त्या सवयीनंच की काय, फोन हातात घेतला की तो कानाशी धरून क्षणभर डोळे मिटायचे, जणू आत काहीतरी टिकटिकतंय.

माझ्या फोनचा टच सारखा बिघडायचा. स्क्रीनचा एक पट्टा मधेच बधिर होऊन जायचा. चाचा तो उघडून नीट करायचे, कुडत्याच्या टोकानं काच पुसायचे आणि म्हणायचे, "पाठ असलेला नंबर लावा, सर. एकेक आकडा दाबला की सगळा टच कळतो."

मला पाठ असलेला नंबर एकच, लातूरच्या थोरल्या भावाचा. आईच्या तेराव्यापासून आमचं बोलणं बंद होतं. पहिल्या दोन्ही खेपेला मी नऊच आकडे दाबले आणि "झालं, चालतंय" म्हणत उठलो.

तिसऱ्या खेपेलाही उठायला लागलो, तर चाचा म्हणाले, "बसा जरा. दहावा आकडा तुम्ही दाबूनच न्हाई राहिले. तिथला टच मला अजून कळला न्हाई."

मी शेवटचं शून्य दाबलं, कॉल लावला. रिंग वाजू लागली. चाचांनी हात लांबवून टेबलफॅन बंद केला आणि डोळे मिटून घेतले.

"बोल रे," पलीकडून दादा म्हणाला. "जेवलास का?"