राजाला काय दिलं?

हिंदुस्थानातल्या झाडून सगळ्या राजेमहाराजांची मनापासून कीव करणारी एकच बाई मला आयुष्यात भेटली, आणि ती आमच्या दारावर मासे विकायला यायची. लोक राजवाडे बघायला जातात, झुंबरं आणि सिंहासनं बघून डोळे विस्फारतात आणि घरी आल्यावर आठवडाभर आपल्या दोन खोल्यांवर रुसून बसतात. ही मात्र राजवाड्यात शिरायची ती दुखवट्याला आल्यासारखी, पदर सावरून, चेहरा पाडून. दरबाराच्या उंबऱ्याशी उभं राहून आधी एक सुस्कारा टाकायची. मग तिथल्या पहारेकऱ्याला गाठून तिचा ठरलेला प्रश्न: "राजाला हितनं उठवला, तवा काय दिलं?"

ती सारसोळ्याची. माहेर सारसोळ्याचं, सासरही सारसोळ्याचं, मधे मोजून चाळीस पावलं. नेरूळ म्हणून जे शहर सरकारनं कागदावर आखून उभं केलं, त्याच्या पोटात हे गाव आधीपासूनच बसलेलं होतं. गावाची भातशेती आणि मिठागरं शहरासाठी गेली, आणि त्या भातशेतीवर आमच्यासारखे लोक बाल्कनीत तुळस लावून राहायला आले. नव्वदीची सुरुवात होती. मी दादरहून आलेली, चाळिशीला टेकलेली, आणि स्वतःला फार म्हणजे फारच सुसंस्कृत समजणारी. त्या वेळची मी आज मला रस्त्यात भेटले, तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. खांद्याला झोळी, झोळीत वही, वहीवर लाल शाईनं 'ऐतिहासिक टिपणे', आणि डोळ्यांवर हा एवढा गॉगल. राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात जिन्यात उभी राहून मी शेजारणीला म्हणाले होते, "सगळं आहे हो इथं, पण या जागेला इतिहास म्हणून नाही." ही खालच्या पायरीवर बोंबील साफ करत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "वैनी, तुमच्या किचनमदी आमचा बांध व्हता." मी हसले. ती हसली नाही. पुढे कधी आत आली की माझ्या गॅसच्या ओट्याकडे बोट करून सांगायची, "हितं बापूस भाकर खायाला बसायचा." मी तिथं डाळ फोडणीला टाकत असे, आणि उगाचच एक पाऊल मागे सरकत असे.

मासे विकण्याची तिची तऱ्हाच निराळी. गिऱ्हाइकानं काय घ्यायचं ते ती ठरवायची. "आज जिताडा नाय तुमाला. जिताडा करता येत नाय तुमाला, मागल्या खेपंला लगदा केलाव." माझ्या स्वयंपाकावर एवढं परखड कुणी बोललं नव्हतं, सासूबाईसुद्धा नाही. घासाघीस करणाऱ्या बाईची पाटी ती अर्ध्यावर झाकायची आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायची. तळमजल्यापर्यंत गेली की ती बाई वरून हाक मारायची, आणि ही वर न बघता म्हणायची, "तुमी खाली या."

आमच्या महिला मंडळाची दरवर्षी सहल निघे, आणि कुठं जायचं हे अर्थातच मी ठरवत असे. म्हैसूरच्या खेपेला एकीच्या सुनेचं बाळंतपण आलं आणि बसमध्ये एक जागा रिकामी राहिली. दारात मी त्याचीच चिंता करत होते, तर ही पाटी खाली ठेवत म्हणाली, "मी येतंय." मंडळात कुजबुज झाली. बसमध्ये वास येईल, देवळात न्यायचं कसं, वगैरे. ती आली ती नव्या कोऱ्या लुगड्यात, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि पिशवीत सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा. पहिल्या दिवशी डबा उघडल्यावर बायकांनी नाकाला पदर लावला. तिसऱ्या दिवशी, इडलीचं आठवं ताट समोर आल्यावर, त्याच बाया चिमूटभर चटणीसाठी तिच्या सीटपाशी रांगेत उभ्या होत्या. "देवलाचा दिवस हाय, आज डबा बंद," असं सांगून तिनंच त्यांना परत पाठवलं.

म्हैसूरच्या राजवाड्यातच तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं, हिला हिंदी बेतानं. तो म्हणाला, "राजा मर गया." ही म्हणाली, "मेला त्ये समजला रे बाबा. पन राज्य घेतला तवा काय दिलं? साडेबारा टक्के तरी मिलालं का?" आमच्याकडे तेव्हा हाच शब्द सगळ्या गावांच्या तोंडी होता. ज्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, त्यांना त्यातल्या साडेबारा टक्क्यांइतका प्लॉट परत मिळणार होता. तिच्या हिशेबी राजा, संस्थानिक, सरदार हे सगळे आपल्यासारखेच प्रकल्पग्रस्त. देवही त्यातून सुटले नाहीत. कुठल्याही मोठ्या देवळात हात जोडून झाले की ती पुजाऱ्याला विचारायची, "देवाच्या नावावर सातबारा हाय का?" आणि नाही म्हटलं की देवाकडे अशी बघायची, जणू म्हणतेय, तुलाबी फसवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी दहा पावलं पुढे चालत असे, दुसऱ्या बसमधून आल्यासारखी.

पण सांगायचंय ते तंजावरचं. बायकांना रामेश्वर हवं होतं, मला तंजावर. मराठ्यांचं राज्य, मराठी राजवाडा, एवढ्या दूर दक्षिणेत देवळाच्या भिंतीवर मराठी लेख! मी त्यावर तीन पुस्तकं वाचली होती आणि परतल्यावर मंडळात व्याख्यान द्यायचं मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या वर्षी ही बसमध्ये गप्प होती. पुण्याच्या पुढे गेल्यावर तिनं आपणहून सांगितलं. बापाच्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांची फाइल आता हलली होती. वारस दोघंच, ही आणि तिच्याहून बारा वर्षांनी धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून हिनंच त्याला कडेवर वाढवलेला. परत गेल्यावर हिनं ठाण्याला जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सही करायची, म्हणजे प्लॉट एकट्या भावाच्या नावावर होणार. भावानं तारीखही घेऊन ठेवली होती.

मग ती उठली आणि चालत्या बसमध्ये सीटचे दांडे धरत धरत एकेकीला विचारत गेली. "तुमी सही दिलीव का?" सगळ्यांनी दिली होती. कुणाला साडी मिळाली होती, कुणाला मिक्सर, एकीला नुसतंच पुरणपोळीचं जेवण. मी तर मान ताठ करून सांगितलं, की दादरच्या आमच्या घराच्या कागदावर मी न वाचता सही केली, भावानं मला पैठणी नेसवली आणि चार लोकांत माझं कौतुक केलं. "न वाचता" हे मी दोनदा सांगितलं. इतकी मी थोर. ती म्हणाली, "बरा झाला," आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तंजावरला आम्ही भर दुपारी पोचलो. देवळाच्या अंगणातला दगड तव्यासारखा तापलेला. बाकीच्या बाया आणि मी चवड्यांवर नाचत होतो. ही मिठागरात वाढलेली. तिचे तळवे त्या दगडाला जुमानत नव्हते. त्या नाचातच मी भिंतीवरचा मराठी लेख शोधला, गॉगल कपाळावर चढवला आणि मोठ्यानं वाचायला लागले. कुळाची नावं, राजांची नावं, कुणाचा पुत्र कोण. चौथ्या राजाला माझा श्रोतृवृंद सावलीत पोचला होता. हीच एक उभी राहून ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "पोरींची नावां कंच्या भितीवर हायत?" मी म्हणाले, "मावशी, वंशावळीत मुलींची नावं नसतात." "बरा," ती म्हणाली, "मना वाटला, दुसरी भित असंल."

राजवाड्यात एक म्हातारा राखणदार होता, तिथल्याच जुन्या मराठी घराण्यातला. मी माझ्या सर्वांत शुद्ध मराठीत त्याला वास्तुशैलीविषयी विचारलं. त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं. मी वही घेऊन खांबांच्या नक्षीकडे वळले, तेवढ्यात ही त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि दोघांचं जमलं. तो तमिळ हेलातलं मराठी बोले, ही सारसोळ्याचं, आणि एकमेकांचं एक अक्षर वाया जात नव्हतं.

"राजाला काय दिलं?" तिनं विचारलं.

"राजा वारला होता," तो म्हणाला. "मुलगा नव्हता. कंपनी सरकारनं सांगितलं, वारस कुणी नाही. राज्य घेतलं, वाडा घेतला, आतल्या सामानालाही कुलपं लावली."

"घरात कोनच नव्हता?"

"राण्या होत्या. मुलगी होती."

ती त्याच्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "पोरगी व्हती?"

"होती की."

"जिती?"

"जिवंत. मोठी होती."

"आनि वारस कोन नाय म्हंटला?"

म्हाताऱ्यानं हात पसरले. "मग राणी कोर्टात गेली. राज्य गेलं ते गेलंच. पण खाजगीतलं परत मिळवलं तिनं."

"ह्यो वाडा?"

"हाच."

तिनं मला हाक मारली. "वैनी, तुमच्या वहीत काय लिवलंय राजाचा?" मी पान उलटलं. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटचा राजा निपुत्रिक वारला, वंश संपला.' मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी व्हती ना पन." तीन पुस्तकं वाचून मला जे दिसलं नव्हतं ते तिला एका पायरीवर बसून दिसलं होतं, आणि मी काय केलं असेल? मी म्हणाले, "मावशी, ते तांत्रिकदृष्ट्या असंच म्हणतात." देवा रे!

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या सकाळी बस सुटल्यावर माझ्या सीटशी येऊन म्हणाली, "मी सही नाय देत." मी लगेच उपदेशाला बसले. माहेर तुटेल, दगडमातीसाठी रक्ताचं नातं मोडू नये, माझंच बघा, मी सही केली आणि आमचं बहीण-भावाचं प्रेम कसं टिकलंय. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वैनी, तुमचा भाव पाच वर्सांत कवा आला तुमच्याकडं?"

"येतो की. कामात असतो तो."

"नाय आला. पाव्हना असला की बाई जास्तीची मासली घेते. तुमची मासली मीच देतंय."

बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. मी गॉगल लावला. आत काय चाललंय ते दिसू नये म्हणून गॉगल लावायची ती माझी पहिली वेळ.

ठाण्याच्या तारखेला ती गेली नाही. भाऊ दारात येऊन ओरडला नाही, भांडला नाही. त्यानं फक्त बोलणं टाकलं. चाळीस पावलांवर घर, रोज त्याच वाटेनं जाणं-येणं, आणि तो हिला बघून दार लावून घ्यायचा. ही रोज पाटीतला पहिला वाटा त्याच्या ओट्यावर ठेवून पुढे यायची. तो हात लावायचा नाही. तीन वर्षं हे चाललं, आणि त्या आळीतलं मांजर इतकं माजलं, की शेवटी कुत्रे त्याला वाट देऊ लागले. नारळी पुनवेला दोघं एकाच खाडीत, वीस हातांवर उभे राहून, वेगवेगळे नारळ सोडायचे. मी एकदा विचारलं, "मावशी, पस्तावता का?" म्हणाली, "झोप लागत नाय. पन सही नाय देत." ती रडली असेल तर घरी. आमच्या जिन्यात तिनं मापं कधी चुकवली नाहीत.

शेवटी प्लॉट निघाला, दोघांच्या नावावर. मोजणीच्या दिवशी ती मला साक्षीला घेऊन गेली. मी अर्थात वही घेऊन गेले. माळावर कमरेएवढं गवत, एका कोपऱ्यात चिखल, आणि मोजणीदाराचा मदतनीस आलेलाच नव्हता. भाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीत एका टोकाला आकाशाकडे बघत उभा, ही दुसऱ्या टोकाला जमिनीकडे बघत. मोजणीदार कावला. "अहो, कुणीतरी टेप धरा, मला अजून दोन ठिकाणी जायचंय." भावानं एक टोक हातात घेतलं. दुसऱ्या टोकासाठी मी, नेहमीची उत्साही, झोळी सावरत पुढे झाले.

"तुमी ऱ्हावा वैनी," तो म्हणाला. आणि मला ओलांडून, टेप पुढे करत म्हणाला, "धर गो बाय."

तिनं टोक घेतलं आणि लुगडं खोचून सरळ चिखलाच्या कोपऱ्यात गेली.

"मागं हो जरा," तो ओरडला.

"मागं चिखल हाय."

"मंग पाय धू नंतर. मागं हो."

"तू ये ना हिकडं. पँट खराब व्हईल व्हय तुजी?"

"वाकडा धरलास तू."

"वाकडा तू धरलास. ल्हानपनापासून वाकडाच धरतस."

मोजणीदार आकडे लिहून मोकळा झाला आणि निघून गेला, तरी टेप दोघांच्या हातात तसाच ताणलेला होता आणि भांडण चालूच होतं. त्या जागेवर पुढे दोघांचं घर उभं राहिलं, खाली तो, वर ही. देवाघरी जायच्या आधीची चौदा वर्षं ती त्याच्या डोक्यावर राहिली आणि रोज भांडली. मलाही जायचंय तिकडे, तिथं तिची गाठ पडली, तर माझा माझ्या भावाशी पुढे काय संवाद झाला, हे मी तिला सांगणार आहे. तेवढं एक सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी मात्र दोघं भांडत भांडत गावाच्या वाटेला लागले. तिच्या पायाला चिखल, त्याच्या हातात तिच्या चपला, आणि साक्षीला आणलेली मी मागे माळावर गवतात एकटी उभी, हातात कोरी वही. दोघांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. इतक्या आनंदानं मला आजवर कुणी विसरलेलं नाही.